गेटवर उभ्या असलेल्यांनाही बोलवा : गोव्याच्या अग्निशामक दलास खुले पत्र

मा. संचालक, सर्व अधिकारी आणि बंबावरचे जवान,
अग्निशामक व आपत्कालीन सेवा, गोवा.

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. माहेर सत्तरीतले, नोकरी डिचोली आणि सत्तरीच्या मराठी शाळांत झाली, आणि आता पर्वरीला मुलाकडे फ्लॅटमध्ये राहते. तुमच्याविषयी माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण खुले पत्र म्हटले की वाचणारा कपाळाला आठ्या घालूनच पहिली ओळ वाचतो. पावसाळ्यात रस्त्यावर माड आडवा झाला, विहिरीत गाय पडली, कुणी ओढ्याच्या पाण्यात अडकले, की गोव्यातल्या माणसाला तुम्हीच आठवता. आग हे तुमच्या अनेक कामांतले एक. हे सगळे ठाऊक असूनच लिहिते आहे.

लिहायला कारण झाले ते एका रविवार सकाळचे, आग विझवायचे नळकांडे कसे वापरायचे याचे प्रात्यक्षिक. आमच्या सोसायटीने तुमच्या दोन जवानांना बोलावले होते. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या, बॅनर लावला, सामोसे मागवले. जवानांनी छान समजावून सांगितले : पिन ओढा, नळीचे तोंड ज्वाळेच्या शेंड्याकडे नव्हे, मुळाशी धरा, दांडी दाबा आणि अंगण झाडल्यासारखे इकडून तिकडे फिरवा. आम्ही चाळीसेक माणसे पाहत होतो, त्यातली निम्मी मोबाईलच्या पडद्यातून.

आणि गेटपाशी आणखी पाच जण उभे होते. नेपाळचा वॉचमन. झारखंडचा माळी. इस्त्रीवाल्याची बायको. आणि सहा-सात घरांत स्वयंपाक करणाऱ्या दोघीजणी, एक हावेरीकडची, एक माझ्याच सत्तरीतली. त्यांना कुणी आत बोलावले नाही. मीही नाही, हे कबूल करते. रोज पहाटे आमच्या इमारतीत गॅस पेटवणारी माणसे गेटवर उभी, आणि सिलिंडरचा रेग्युलेटर कुठल्या बाजूला फिरवला की बंद होतो हे नीट न सांगता येणारी माणसे खुर्चीत. दोष सोसायटीचा, म्हणजे आमचाच.

कार्यक्रम संपल्यावर तुमच्यातला वयाने मोठा जवान हातातली सामोशाची बशी तशीच ठेवून गेटकडे गेला. उरलेले नळकांडे त्याने वॉचमनच्या हातात दिले. मोडक्यातोडक्या हिंदीत, मध्येच कानडीतला एखादा शब्द घालून, त्या दोघींना विचारले, ‘तेल पेटले तर काय करता?’ हावेरीची बाई म्हणाली, ‘नीरू.’ पाणी. जवान हसला नाही, रागावलाही नाही. त्याने इस्त्रीवालीकडून जाड चादर मागून घेतली, ती भिजवायला लावली, घट्ट पिळायला लावली आणि कढईवर कशी टाकायची ते दाखवले. मग म्हणाला, ‘झाकण असेल तर झाकणच. पाणी मात्र नाही.’ मग त्याने तिला विचारले की तिच्या स्वतःच्या खोलीत शेगडी कुठे आहे. दाराजवळ, ती म्हणाली. म्हणजे शेगडी पेटली तर बाहेर पडायची वाटच बंद. या पंधरा मिनिटांत जे झाले ते आधीच्या तासाभरात झाले नव्हते.

त्या जवानाने जे स्वतःच्या मनाने केले ते दलाची रीत व्हावे, एवढेच मला मागायचे आहे. बाकीचे पत्र त्याच मागणीचा विस्तार आहे, आणि शिक्षिकेचा विस्तार लांबतो, हे सोसून घ्यावे.

*

आधी भाषेचे बोलू. घाबरू नका, मराठी-कोकणीचा वाद घालायला आपल्याकडे माणसांची टंचाई नाही, माझी भर नको. २०११च्या जनगणनेत गोव्यात शेकडा ६६ लोकांनी मातृभाषा कोकणी सांगितली, सुमारे ११ जणांनी मराठी. त्यानंतर हिंदी, कानडी, उर्दू. हे झाले आकडे. गाव पाहिले तर चित्र निराळे. पेडणे, सत्तरी, डिचोलीतला म्हातारा माणूस घरात कोकणी बोलतो आणि वाचतो मराठी, कारण त्याची पोथी, भजनाची वही आणि शाळा मराठीत होती. सासष्टीतली म्हातारी बाई कोकणीच बोलते, पण तिची कोकणी रोमी लिपीत आहे. देवनागरी पत्रक तिच्यासाठी कोरा कागद. वास्कोच्या झुआरीनगरात किंवा बायणात गेलात तर दारोदारी कानडी ऐकू येते. म्हणजे कोकणी आणि इंग्रजी पत्रक छापले की सगळा गोवा झाला, असे होत नाही.

पण छापील पत्रक ही सर्वांत सोपी गोष्ट. खरी परीक्षा फोनवर होते.

एका गावात माझ्या शाळेमागे भाड्याच्या खोल्यांची ओळ होती. एका दुपारी तिथल्या एका खोलीत आग लागली. आईला फोनवर बोलता येईना, तेव्हा १०१ला फोन केला तो तिच्या मुलाने, माझ्या तिसरीच्या वर्गातल्या विद्यार्थ्याने. घरात कानडी, वाड्यावर कोकणी, वर्गात मराठी, टीव्हीमुळे हिंदी, अशा चार भाषा त्या आठ वर्षांच्या पोराच्या खिशात होत्या. पलीकडून विचारले, पत्ता काय? घर नंबर त्याला माहीत नव्हता. भाड्याच्या खोलीला असा नंबर असतो की नाही ते मलाही माहीत नाही. तो म्हणाला, ‘भुताच्या चिंचेकडे.’ पलीकडे क्षणभर शांतता. मग मागून कुणाचा तरी आवाज आला, ‘अरे, मला माहीत आहे, माझी मावशी राहते तिथे.’ बंब वेळेवर आला. चटई आणि दोन गाठोडी जळाली, माणसे वाचली.

मला त्या दिवशी देवाचे आभार मानावेसे वाटले आणि थोडी भीतीही वाटली. मावशी तिथे राहत नसती तर?

गोव्यातला पत्ता हा असा असतो. वाड्याचे नाव, मग तिठा, मग खुरीस म्हणजे क्रूस, मग कुणाचे तरी पडके घर नाहीतर जुना पिंपळ. पंचायतीच्या घर नंबरांचा क्रम शोधणाऱ्याला परमेश्वरच वाली. नवीन आलेले लोक मोबाईलवरून ठिकाण पाठवतात, पण सत्तरीच्या काही भागांत आजही रेंज मिळवायला घराबाहेर उंचावर जाऊन उभे राहावे लागते. तेव्हा प्रत्येक केंद्राने आपापल्या हद्दीतल्या या बोलीतल्या खुणांची वही करावी. भुताची चिंच, पांयचो दगड, पाद्रीची बांय, जे असेल ते. ती वही पोस्टमनकडे, पोदेराकडे आणि शाळेतल्या मुलांकडे बसूनच भरता येईल. पोदेर पहाटे आणि संध्याकाळी पाव घेऊन दारोदार फिरतो. कुठल्या घरात कोण एकटे राहते, कुठल्या गल्लीत सायकल जाते आणि चारचाकी जात नाही, हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.

त्याच वहीत पाणीही यावे. बंबात काही हजार लिटर पाणी असते आणि फवारा सुरू झाला की ते किती लवकर संपते, ते मी तुम्हाला काय सांगावे. मग जवळचे पाणी कुठे? नकाशात तळे दिसेल. पण ते तळे एप्रिलमध्ये आटते आणि त्याच्या वरच्या अंगाचा झर मे अखेरपर्यंत वाहतो, हे गावातली बाई सांगेल, कारण ती तिथे धुणे धुते.

*

आता मुद्द्याच्या गाभ्याशी येते. आपण लोकांना आगीविषयी शिकवायला जातो, तेव्हा त्यांना आगीतले काही कळत नाही असे धरूनच जातो. मराठीत घरातल्या चुलीतल्या आगीला आग म्हणत नाहीत, विस्तव म्हणतात. ‘शेजारणीकडून विस्तव आण’, असे आजी सांगायची. तोच विस्तव हाताबाहेर गेला की आग. कोकणीत दोन्हीला उजोच. गोव्यातल्या जवळजवळ प्रत्येक समाजाचा विस्तवाशी पिढ्यानपिढ्यांचा व्यवहार आहे, आणि त्या व्यवहाराची ओळख करून घेतल्याशिवाय सुरक्षिततेचे सांगणे वरवरचे राहते.

माझ्या माहेरची भाटी, म्हणजे काजूची दारू गाळायची भट्टी, घ्या. काजूचा हंगाम मार्च ते मे. बोंडू वेचायचे, तुडवून रस काढायचा, तो आंबू द्यायचा आणि मग भाटी लावायची. पहिल्या उकळीचा हुर्राक, पुन्हा गाळली की फेणी. रात्ररात्र जाळ चालतो. माझे काका लाकडे किती आणि कधी पुढे सारायची ते आवाजावरून ओळखत. भाणाच्या, म्हणजे रस उकळायच्या भांड्याच्या, सांध्याला लावलेली माती तडकली आणि वाफ बाहेर फुटली तर ती वाफ पेट घेते. म्हणून सांधा लिंपण्याचे काम ते दुसऱ्या कुणाला देत नसत. फेणी चांगली उतरली की नाही हे पाहायला थोडी विस्तवावर टाकायची, निळी ज्योत उठली की समाधान. आता अशा माणसासमोर जाऊन ‘ज्वलनशील पदार्थांपासून दूर राहा’ असे म्हटले तर तो मान डोलावेल आणि तुम्ही गेल्यावर हसेल. उलट त्याच्यापाशी बसून विचारले की, ‘आजवर भाटीवर कुणाला भाजले, आणि कसे?’ तर तो तुम्हाला तीन पिढ्यांच्या अपघातांची यादी सांगेल. त्यातली दोन कारणे अशी निघतील की तुमच्या पुस्तकात नसतील. आणि मग तुम्ही त्याला सांगा, भाजलेल्या जागी टूथपेस्ट किंवा तेल लावू नको, साधे गार पाणी वीस मिनिटे ओत. ते तो ऐकेल. आधी त्याचे ऐकले गेले आहे ना.

याचीच दुसरी बाजू मार्च २०२३मध्ये दिसली. म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूच्या डोंगरांवर वणवे पेटले, दिवसेंदिवस विझेनात, शेवटी हवाई दलाच्या आणि नौदलाच्या हेलिकॉप्टरांतून पाणी ओतावे लागले. टीव्हीवर ती टांगलेली बादली सगळ्यांनी पाहिली. जे टीव्हीवर दिसले नाही ते माझ्या भावाने सांगितले : डोंगराच्या अलीकडच्या अंगाला गावातली पोरे ओले टहाळे तोडून ज्वाळा झोडपत होती, काजूच्या भाटांभोवतीचा, म्हणजे बागांभोवतीचा, पालापाचोळा ओढून जमीन उघडी करत होती. वन खात्याच्या भाषेत त्याला जाळरेषा म्हणतात. गावात त्याला नाव नाही, नुसते काम आहे. त्या दिवसांत चर्चा एकच चालू होती, आग कुणी लावली. भाट साफ करायला पाला जाळण्याची सवय आहे, हे खरेच आहे, मी नाकारत नाही. ती मोडायला हवी. पण ज्याच्याकडे संशयाने पाहिले जाते तो माणूस पुढच्या वेळी धूर दिसला तर तुम्हाला फोन करील का? करणार नाही. फोन केला म्हणजे आपणच लावली असे होईल, या भीतीने तो गप्प बसेल आणि तेवढ्यात वारा फिरेल. म्हणून काजूचा हंगाम सुरू होण्याआधी, जानेवारी-फेब्रुवारीतच, वन खात्याला बरोबर घेऊन तुम्ही भाटकारांकडे म्हणजे बागमालकांकडे, वेळीप-गावड्यांच्या वाड्यांवर, धनगरांच्या वस्तीवर जावे. पाला जाळायचाच नसेल तर त्याचे करायचे काय, याचे उत्तर घेऊन जावे. नुसता ‘नको’ घेऊन गेलात तर चहा मिळेल, बाकी काही नाही.

देवाधर्माच्या विस्तवाविषयी सांभाळून लिहिते. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत होमखण रचतात. एवढी उंच लाकडे रचणे, ती पेटवणे, पहाटे धोंडांनी, म्हणजे देवीच्या व्रतस्थ भक्तांनी, त्या निखाऱ्यांतून जाणे, यात व्रताबरोबर कसबही आहे. कुठले लाकूड कुठे, वारा कुठून, गर्दी कुठे थांबवायची, हे ठरलेले असते. ३ मे २०२५च्या पहाटे तिथे चेंगराचेंगरी झाली आणि माणसे गेली. आगीने नव्हे, गर्दीने. त्यानंतर बंदोबस्त वाढवण्याच्या गोष्टी झाल्या, त्या व्हायलाच हव्यात. पण बंदोबस्ताचा कागद तयार करताना पहिली बैठक धोंडांच्या म्होरक्यांबरोबर, तळीवर आंघोळीला कुठल्या वाटेने जातात हे वर्षानुवर्षे पाहिलेल्या माणसांबरोबर व्हावी. ते तुमच्या दोरखंडाच्या अलीकडचे प्रेक्षक नाहीत, तुमचे सहकारी आहेत.

नरकासुराच्या पुतळ्याचेही तसेच. दिवाळीतल्या नरक चतुर्दशीच्या आधीच्या पंधरा-वीस रात्री प्रत्येक तिठ्यावर पोरे जागी असतात. गवत, कागद, कापड, कधी थर्मोकोल. पहाटे तो विजेच्या तारांखालीच जाळायचा, हा जणू नियम. आपण पहाटे तिथे पोचतो, तेव्हा उशीर झालेला असतो. सांगाडा बांधत असताना एक चक्कर मारा. आणि ती पोरे नुसती डोकेदुखी नाहीत. वाड्यातली सगळ्यांत धट्टीकट्टी, रात्री जागी असणारी आणि प्रत्येक गडगा उडी मारून ओलांडणारी माणसे तीच आहेत. तुम्ही आपदा मित्र, आपदा सखी, म्हणजे आपत्तीत मदतीला धावणारे स्वयंसेवक, तयार करता. त्यांचा शोध महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर घेण्यापेक्षा नरकासुराच्या मांडवात घेतला तर? ३१ डिसेंबरच्या रात्री ‘ओल्ड मॅन’, म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, जाळणारी पोरेही तिथलीच. धर्म वेगळा, उद्योग एकच.

*

६ डिसेंबर २०२५च्या रात्रीविषयी लिहिल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. हडफडे येथे नाइटक्लबला आग लागली आणि २५ जण गेले. पर्यटक थोडे, बहुतेक जण तिथे काम करणारे. झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळ. वाट अरुंद, बंब लांब थांबवावे लागले. कोण जबाबदार, परवाने कुणी दिले, हे तपास यंत्रणा आणि न्यायालये पाहतील. त्यात माझे काम नाही.

माझ्या मनात राहिले ते एकच. स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या, कांदा चिरणाऱ्या त्या पोरांपैकी एखाद्याला, कधी तरी, कुणी तरी, त्याला कळेल अशा भाषेत विचारले होते का की, ‘इथे आग लागली तर तू कुठून बाहेर पडशील?’ मी एका क्लबबद्दल बोलत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर अशी किती स्वयंपाकघरे आहेत याचा हिशेब तुमच्याकडे माझ्यापेक्षा बरा असेल. तपासणीला गेलेला माणूस नळकांड्यावरची तारीख पाहतो, दाराची रुंदी मोजतो, मालकाशी किंवा मॅनेजरशी बोलतो. ते लागतेच. पण त्याच वेळी मालकाला बाहेर चहा प्यायला पाठवून दहा मिनिटे मोरीपाशी उभ्या असलेल्या पोराशी बोलले, तर त्या इमारतीची खरी स्थिती कळेल. मागचे दार कुलूपबंद असते का. कुलपाची किल्ली कुणाकडे. रात्री झोपता कुठे. बऱ्याच ठिकाणी कामगार तिथेच, माळ्यावर किंवा तळघरात झोपतात, आणि कागदावर ती जागा गोदाम असते. तो पोरगा पहिल्या भेटीत बोलणार नाही; नोकरी जाईल ही भीती असते. तिसऱ्या भेटीत बोलेल. आणि तो गावी फोन करतो तेव्हा कुठल्या भाषेत बोलतो, हेही कानावर पडेल.

भंगारअड्ड्यांचेही असेच. तिथे आग लागली की काळा धूर पाहून आपण सगळे नाक मुरडतो. पण तिथे काम करणाऱ्याला कुठल्या डब्यात काय उरले असेल, कुठली बॅटरी फुगली आहे, हे रोज हाताने कळत असते. शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीच्या आवारात पाच मिनिटे हिंदी-उर्दूतून बोलायला परवानगी मागा. नाही म्हणतील असे मला वाटत नाही.

*

सासष्टी आणि बार्देशातली जुनी घरे. मुले आखातात, नाहीतर पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात. घरात एकटी आई, देवघरातल्या खुरसापुढे रात्रभर मेणबत्ती, कौलारू छताला शंभर वर्षांची वाळलेली लाकडे. तिला १०१ माहीत आहे, पण तिच्या मते तो नंबर मोठ्या संकटासाठी असतो आणि एवढ्याशा धुराला कुणाला त्रास द्यायचा? हा भिडस्तपणा किती जणांना महागात पडला असेल, देव जाणे.

माझ्या शेजारणीची मुलगी इंग्लंडात स्विंडनला असते. तिथे गोव्याची खूप माणसे आहेत. ती सांगत होती की अग्निशामक दलाचे लोक घरी आले, फुकट धुराचा भोंगा बसवून गेले. बसवताना त्यांनी विचारले, देवापुढे दिवा लावता का, तळण किती वेळा करता, घरात किती माणसे झोपतात, कुणाला ऐकू कमी येते का. हिला आधी वाटले पोलीस चौकशी. मग कळले की त्यांना खरेच जाणून घ्यायचे आहे. पण सगळे तिकडचे छान असे म्हणण्याचा माझा स्वभाव नाही. त्याच देशात जून २०१७मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ जण गेले. तिथे जगभरच्या भाषा बोलणारी माणसे राहत होती, आगीच्या धोक्याविषयी ती आधीपासून सांगत होती, त्यांचे ऐकले गेले नाही. आणि त्या रात्री कितीतरी वेळ त्यांना घरातच थांबायला सांगितले गेले. म्हणजे नुसते घरी जाऊन भोंगा बसवणे पुरत नाही, रहिवासी जे सांगतो ते पुढे कुठेतरी पोचायला हवे.

आपल्याकडे एकट्या म्हाताऱ्या माणसापर्यंत पोचायचे साधन कोणते? चर्चमधल्या रविवारच्या मिसानंतरची सूचना. वाड्यावरचे लादाईन, म्हणजे खुरसापुढची सामूहिक प्रार्थना. आमच्याकडे भजनी मंडळ, दर गुरुवारी. महिला मंडळाचे हळदीकुंकू. ही माणसे जमवण्याचा खर्च तुम्हाला करावा लागत नाही, ती जमलेलीच असतात. पाद्री, मौलवी, देवस्थानचे महाजन, बचत गटाची ताई, यांचे फोन नंबर तुमच्या केंद्रातल्या भिंतीवर असावेत. जिल्हाधिकाऱ्यांच्या नंबराच्या खाली का होईना. आणि गेलात तर भाषण छोटे. गॅसचा वास आला तर दिव्याचे बटण दाबू नका, रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली जमिनीलगत साचतो. गळतीसाठी १९०६ हा वेगळा नंबर आहे. एवढे पाठ झाले तरी एका गुरुवारचे काम झाले. उरलेला वेळ ऐकायला द्या, आणि ऐकलेले लिहून ठेवा.

लिहून ठेवा यावर माझा जोर आहे. दलातल्या जुन्या जवानाच्या डोक्यात सगळा तालुका असतो. तो निवृत्त होतो त्या दिवशी तालुका त्याच्याबरोबर घरी जातो. माझ्याही डोक्यात सगळी पटसंख्या होती. निवृत्त झाले आणि नव्या बाईंना कुठल्या मुलाला डोळ्यांनी कमी दिसते ते कळायला वर्ष गेले. मी लिहून ठेवले नव्हते.

शेवटी एक आमंत्रण. दर वर्षी १४ एप्रिलपासून तुमचा अग्निसेवा सप्ताह असतो. १९४४मध्ये त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये कापूस आणि दारूगोळा भरलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ तो पाळतात, हे मी वर्गात मुलांना सांगत असे. पण आमच्या सत्तरीत तेव्हा भर काजूचा हंगाम असतो. सकाळी अकराचा कार्यक्रम ठेवलात तर सरपंच, ग्रामसेवक आणि पाच-सहा शाळकरी मुले एवढेच येतील. बाया भाटात, पुरुष भाटीवर. तेव्हा आमच्या वाड्यावर संध्याकाळी सातनंतर या, भाटीवरच. बॅनर नको. एक नळकांडे, एक रिकामा सिलिंडर आणि शक्य असेल तर तोच मोठ्या वयाचा जवान. कानडी बोलणारी चार-पाच कुटुंबे खालच्या वाड्यात राहतात, त्यांना मी घेऊन येते. दुभाषा म्हणून तो माझा तिसरीतला विद्यार्थी आहे. आता कॉलेजात जातो आणि अजून चार भाषांत वाद घालतो. काकांचा मुलगा भाटी चालवतो, त्याच्याशी बोला. हुर्राक तुम्ही कामावर असताना घेणार नाही हे जाणून आहे, म्हणून निरो, म्हणजे बोंडूचा ताजा रस, काढून ठेवू.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
पर्वरी (मूळ सत्तरी)

ता. क. : भुताची चिंच रस्ता रुंद करताना तोडली. आता तिथे मोबाईलचा टॉवर आहे. लोक पत्ता मात्र अजून तोच सांगतात. वहीत तशी नोंद करून ठेवावी.